एआयबरोबर लाइव्ह जुगलबंदी करायची असेल तर

तुझा प्रश्न असा की कॉलेजच्या कार्यक्रमात सतारीवर तू, तबल्यावर मित्र आणि तिसरा भिडू एआय असं १५ मिनिटं वाजवायचंय, तर कुठलं एआय घ्यावं, आणि तुझे सर म्हणतात तसं हे शेवटी ट्रॅक लावून वाजवल्यासारखंच होणार का. मी हार्मोनियमची साथ करते आणि गेली काही वर्षं अशा सिस्टिम्सबरोबर वाजवून बघतेय, म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

सरांची शंका रास्त आहे. बाजारात एआय म्हणून जे खपतं त्यातलं बरंचसं तुझं ऐकतच नाही, तू बटण दाबलंस की ते गाणं बनवून देतं. पण ऐकून वाजवणारं मशीन ही गोष्ट जुनी आहे रे. जॉर्ज लुईस हे ट्रॉम्बोनवादक, शिकागोच्या फ्री जॅझवाल्या मंडळींतले, त्यांनी १९८४ साली पॅरिसच्या इरकाम या संगीत-संशोधन संस्थेत संगणक आणि वादक असा लाइव्ह कार्यक्रम केला आणि मग १९८६ ते ८८ च्या सुमारास अ‍ॅमस्टरडॅममध्ये 'व्हॉयेजर' हा संगणक-प्रोग्राम लिहिला. तो समोरच्याचे स्वर, वेग, जोर, मधल्या रिकाम्या जागा सगळं मोजत राहतो आणि त्यावरून आपले ६४ आवाज कसे वापरायचे ते स्वतः ठरवतो. कधी तुमच्या मागे येतो, कधी चक्क उलट जातो, आणि समोर कोणी वाजवत नसलं तरी याचं चालूच. लुईस यांना हेच हवं होतं, मशीनने हुकूम पाळू नये, त्याला स्वतःचं मत असावं. मला हा विचार फार मोलाचा वाटतो कारण चांगला साथीदारही तुमची नुसती नक्कल करत नाही.

दुसरा रस्ता म्हणजे तुझ्याकडूनच शिकणारं मशीन. फ्रान्स्वा पाशे यांनी सोनीच्या पॅरिसच्या लॅबमध्ये २००२ च्या आसपास 'कंटिन्युएटर' केला, तुम्ही थांबलात की तो तुमच्याच शैलीत पुढे वाजवतो. इरकामचा 'ओमॅक्स' त्याच्याही पुढे जातो. तू वाजवतोस ते तो त्याच क्षणी तुकड्यातुकड्याने साठवतो आणि हीच जागा आधी कुठे कुठे आली होती याचे दुवे जोडत जातो. समज तू एकदा 'ग प ध' वरून 'सां' ला गेलास आणि नंतर कधीतरी 'ग प ध' वरून परत 'प' वर आलास, तर वाजवता वाजवता तो पहिल्या जागेवरून दुसऱ्या जागेवर उडी मारतो आणि तू कधीच न वाजवलेली, तरी तुझीच वाटणारी ओळ तयार होते. पहिल्यांदा ऐकशील तेव्हा अंगावर काटा येईल, खरंच.

पण राग त्याला कळत नाही, हे लक्षात ठेव. उडी मारताना मागचे किती स्वर जुळले पाहिजेत ही मर्यादा कमी ठेवलीस तर भूप वाजवताना तो ध वर इतका रेंगाळेल की देशकाराचा भास होईल, स्वर तेच ना दोघांचे. मर्यादा वाढवलीस तर राग सांभाळला जातो पण मग नवं काही निघत नाही. हा तोल रियाझातच कळतो, दुसरा उपाय नाही.

आता सतारीची खरी अडचण. माइकमधून आलेला आवाज मशीन सुटे स्वर म्हणून वाचतं, त्यामुळे मींडेचे, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकण्याचे, तुकडे पडतात, आणि चिकारी, तरफा या बाकीच्या तारा वाजत असतील तर आणखी गोंधळ. म्हणून सतारीला चिकटवायचा पिकअप घे, तबल्याचा आवाज त्यात शिरणार नाही असं बस, आणि मिडीच्या (आवाजाऐवजी नुसते स्वरांचे आकडे पाठवण्याची पद्धत) नादी न लागता ओमॅक्स ऑडिओ मोडमध्येच चालव. त्यात तो तुझ्याच वाजवण्याचे रेकॉर्ड झालेले तुकडे परत वाजवतो, म्हणजे मींड मींडच राहते आणि सुराचाही प्रश्न येत नाही.

तू विचारलेल्या गूगलच्या नव्या मॉडेलबद्दल. मॅजेंटा रिअलटाइम २०२५ मध्ये आलं, आवाज छान आहे, पण ते दोन-दोन सेकंदांचे तुकडे बनवत जातं. मध्य लयीत, मिनिटाला १२० मात्रा धरल्या तर दोन सेकंद म्हणजे चार मात्रा, त्रितालाचा अख्खा विभाग! तू तिहाई (तीनदा वाजवायचा तुकडा) घेऊन समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, आलास आणि त्याला ते विभागभर उशिरा कळलं तर काय उपयोग. मागे वातावरण म्हणून चालेल, सवाल-जवाबाला नाही.

ओमॅक्सलाही तालाची जाण नाहीये. इरकाममध्येच 'इम्प्रोटेक' झालं, त्याला आवर्तनासारखा ढाचा आधी देता येतो, पण पहिल्याच कार्यक्रमात त्यात पडू नकोस. माझं स्पष्ट मत, एआयला फक्त आलाप-जोडात, म्हणजे तबला सुरू होण्याआधीच्या भागात घे. तिथे ठेका नाही, श्वास घ्यायला जागा आहे, त्याने उशीर केला तरी तो विचार केल्यासारखा वाटतो. गत, म्हणजे तबल्याबरोबरची बंदिश, सुरू झाली की लॅपटॉप बंद आणि तुम्ही दोघं.

अजून एक, नजर. मैफलीत अर्धी बोलणी डोळ्यांनीच होतात. जॉर्जिया टेकचा 'शिमॉन' हा मारिंबा वाजवणारा रोबो लयीवर मान हलवतो ते उगाच नाही, समोरच्याला दिसल्यावर जुळवून घेता येतं. 'ड्रीम थिएटर' या रॉक बँडचे कीबोर्डवादक जॉर्डन रूडेस यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत त्यांच्याच वाजवण्यावर शिकवलेल्या एआयबरोबर कार्यक्रम केला, तिथेही मशीन काय करतंय हे दिसावं म्हणून स्टेजवर हलणारं शिल्प ठेवलं होतं. तुझ्याकडे एवढं नसणार, पण लॅपटॉपवर गाणं समजणारा माणूस बसव, आयटीवाला मित्र नको, आणि त्याला तुझ्यासमोर बसव. त्याचं मुख्य काम मशीनला वेळेवर गप्प करणं. तू दोन वाक्यं वाजवलीस की मशीनने एक द्यावं, मग थांबावं, असं आधी ठरवून घ्या.

ओमॅक्सचा पुढचा भाऊ 'सोमॅक्स २' मोफत मिळतो, मॅक्स नावाच्या सॉफ्टवेअरवर चालतो. लॅपटॉप कुठला आहे, ऑडिओ इंटरफेस आहे का आणि राग कुठला घेतोयस ते इथेच लिही, सेटिंग्ज सांगते.