जुना पीसी फाईल सर्व्हर म्हणून वापरायचाय? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न: नमस्कार सर. माझा कराडला फोटो स्टुडिओ आहे. लग्नसराईत रोज दोन-तीन कार्डं भरून येतात, अल्बम करणारी दोन पोरं आतल्या खोलीत बसतात आणि दिवसभर पेनड्राईव्ह घेऊन ये-जा चालू असते, त्यात एखादं फोल्डर राहून जातं, मोठा व्हिडिओ तर पेनड्राईव्हवर जातच नाही. माळ्यावर एक जुना पीसी पडलाय, कोअर टू ड्युओ, २ जीबी रॅम, ३२० जीबी हार्ड डिस्क, आत विंडोज एक्सपी. त्याच्यावर एफटीपी सर्व्हर, म्हणजे नेटवर्कवरून फाईली ठेवायची-उचलायची सोय, टाकला तर चालेल का, की नवीनच काहीतरी घ्यावं?

उत्तर: चालेल दादा, आरामात चालेल. फाईल डिस्कवरून उचलून वायरीवर टाकायची, एवढ्या कामाला प्रोसेसर फारसा लागत नाही आणि २ जीबी रॅम तर पुष्कळ झाली. मशीन जुनं असल्याचं मला काही वाटत नाही, पण त्यावरचं सॉफ्टवेअर जुनं ठेवू नका, हे मी अगदी हात जोडून सांगतो, कारण लोकांच्या लग्नाचे फोटो आहेत, ते पुन्हा काढता येत नाहीत.

एक्सपीचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला बंद केला, त्यानंतर सापडलेली सुरक्षेची भोकं बहुतेक तशीच उघडी आहेत. शिवाय तुम्ही म्हणाल की सर्व्हर वगैरे कशाला, एक्सपीत फोल्डर शेअर करून टाकू, तर तेही नीट होणार नाही. एक्सपीला फक्त एसएमबी-१, म्हणजे फोल्डर शेअर करायची जुनी, असुरक्षित पद्धत, येतं आणि नव्याने टाकलेल्या विंडोज १०-११ मध्ये ते बंदच असतं, मग पोरं नेटवर्कमध्ये जाऊन तासभर क्लिक करत बसणार आणि शेवटी एसएमबी-१ चालू करून मोकळी होणार, जे करू नये. एक्सपी काढाच.

त्या जागी डेबियन लिनक्स टाका, ही विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टिम आहे. फुकट आहे, आणि डेस्कटॉप न घेता टाकलं तर अशा मशीनवर छान पळतं. कोअर टू ड्युओ सगळे ६४ बिटचे आहेत त्यामुळे तुम्हाला ऑगस्ट २०२५ मध्ये आलेलं डेबियन १३ चालेल. ज्यांच्याकडे त्याहून जुना, म्हणजे निव्वळ ३२ बिटचा पेन्टियम ४ वगैरे आहे त्यांनी डेबियन १२ घ्यावं, कारण १३ पासून ३२ बिटचा इन्स्टॉलर येणं बंद झालंय. रुफस नावाचं सॉफ्टवेअर वापरून पेनड्राईव्हवर डेबियनची इमेज, म्हणजे इन्स्टॉल करायची फाईल, लिहा, पीसीला राऊटरची वायर लावा, बूट मेनूमधून पेनड्राईव्ह निवडा. आणि हो, त्याआधी मदरबोर्डवरचा सीआर२०३२ बटण सेल बदला. माळ्यावर पडलेल्या पीसीचा सेल बहुतेक संपलेला असतो, तारीख मागेच कुठेतरी जाऊन बसते, आणि मग इन्स्टॉल करताना सर्टिफिकेट चुकीचं, फाईल अजून वैध नाही असले एरर येतात आणि माणूस इंटरनेटलाच दोष देत बसतो.

इन्स्टॉल करताना दोन ठिकाणी लक्ष द्या. रूटचा, म्हणजे मुख्य व्यवस्थापकाचा, पासवर्ड विचारेल तिथे काही न टाकता पुढे जा, म्हणजे तुम्ही बनवलेल्या युजरलाच सुडोचे, म्हणजे व्यवस्थापकाची कामं करायचे, अधिकार मिळतात. आणि शेवटाकडे सॉफ्टवेअर निवडायची यादी येते, तिथे डेस्कटॉप आणि ग्नोमच्या समोरची खूण स्पेसबारने काढायची आणि एसएसएच सर्व्हरच्या, म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरवरून सुरक्षितपणे जोडायच्या सोयीच्या, समोर खूण करायची. बस. मशीन रीस्टार्ट झालं की तुमचा सर्व्हर चालू झालेला असतो, कारण एसएसएचच्या सोबत एसएफटीपी, म्हणजे त्याच सुरक्षित वाटेने फाईली पाठवायची पद्धत, आपोआप येतं, वेगळं काही टाकावं लागत नाही.

आता तुम्ही एफटीपी विचारलंत आणि मी एसएफटीपी सांगतोय, तर त्याचं कारण ऐका. एफटीपी फार जुनं आहे, त्याचा पहिला मसुदा एप्रिल १९७१ मध्ये एमआयटीत लिहिला गेला आणि लिहिणारे होते अभय भूषण, अलाहाबादचे, आयआयटी कानपूरच्या पहिल्या बॅचचे. मला या गोष्टीचा खरंच अभिमान वाटतो. पण तेव्हा नेटवर्कवर मोजक्या संस्था होत्या, सगळे ओळखीतले, त्यामुळे युजरनेम-पासवर्ड उघड्यावर पाठवण्यात कुणाला वावगं वाटलं नाही. साधं एफटीपी आजही तसंच आहे, म्हणजे त्याच नेटवर्कवर बसलेला माहीतगार माणूस तुमचा पासवर्ड वाचू शकतो, आणि स्टुडिओत येणाऱ्या गिऱ्हाईकाला आपण वायफाय देतोच. एसएफटीपीत सगळं एन्क्रिप्ट होऊन, म्हणजे इतरांना वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात, जातं, आणि एकच पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरचं क्रमांकाचं दार, लागतो, २२. पोरांच्या विंडोजवर विनएससीपी किंवा फाईलझिला टाका, प्रोटोकॉलमध्ये एसएफटीपी निवडा, सर्व्हरचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, टाका, झालं. पहिल्यांदा जोडताना होस्ट की, म्हणजे सर्व्हरची ओळखखूण, ओळखीची नाही असं विचारेल, तेव्हा हो म्हणा. पण नंतर कधी अचानक की बदलली असा इशारा आला आणि तुम्ही सर्व्हर पुन्हा इन्स्टॉल केलेला नसेल, तर थांबा, पासवर्ड टाकू नका, आधी काय झालंय ते बघा.

सर्व्हरचा आयपी रोज बदलू नये म्हणून राऊटरच्या डीएचसीपी, म्हणजे आयपी वाटायच्या, सेटिंगमध्ये जाऊन त्या पीसीसाठी एक पत्ता राखून ठेवा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५०.

हार्ड डिस्कबद्दल मात्र मी कडक आहे. इतक्या वर्षांच्या ३२० जीबी डिस्कवर गिऱ्हाईकाचा डेटा ठेवू नका. स्मार्टसीटीएल टाकून तिची तब्येत बघता येते, त्यात रीअलोकेटेड सेक्टर आणि करंट पेंडिंग सेक्टर हे दोन आकडे शून्य हवेत, पण शून्य असले म्हणून ती उद्या जाणार नाही असं नाही. सिस्टिमसाठी छोटी एसएसडी आणि डेटासाठी नवीन साटा डिस्क लावा. जुना बायोस २ टीबीपेक्षा मोठ्या डिस्कवरून बूट व्हायला कुरकुर करतो, डेटासाठी तीच डिस्क जीपीटी, म्हणजे मोठ्या डिस्कसाठीच्या पार्टिशन पद्धतीची, करून लावली तर बहुतेक बोर्डांवर चालून जाते, म्हणून दोन वेगळ्या. फॉरमॅट ईएक्सटी-४ करा. तुमचा मोठा व्हिडिओ पेनड्राईव्हवर जात नाही तो पेनड्राईव्ह फॅट-३२ असणार म्हणून, त्यात एक फाईल ४ जीबीच्या वर बसतच नाही, इथे ती अडचण नाही.

स्पीडचं म्हणाल तर सगळं वायरीवर आहे. १०० एमबीपीएसचं लॅन असेल तर सेकंदाला साधारण ११-१२ एमबी जातात, म्हणजे ६४ जीबीचं भरलेलं कार्ड चढायला दीड तास. गिगाबिट असेल तर तेच काम वीस-पंचवीस मिनिटांत व्हावं, त्यापुढे डिस्क आणि एन्क्रिप्शन आडवं येतं, कारण कोअर टू ड्युओत एईएस या एन्क्रिप्शन पद्धतीसाठी वेगळी सोय नाही. बोर्डावरचं लॅन १०० चं असेल तर पीसीआय एक्सप्रेसचं गिगाबिट कार्ड लावा. आणि जुनी वायर तपासा, काही ठिकाणी केबलवाल्याने आठपैकी चारच तारा क्रिम्प केलेल्या असतात, त्यावर १०० च्या वर जाणारच नाही, मग कार्ड कितीही चांगलं असो. सर्व्हर वायफायवर ठेवू नका.

एकच सवलत देतो. तुमचा कॅमेरा किंवा दुकानातलं मोठं झेरॉक्स मशीन जर फक्त एफटीपीच ओळखत असेल तर त्याच डेबियनवर व्हीएसएफटीपीडी हा एफटीपी सर्व्हर टाका, पण त्यासाठी वेगळा युजर, वेगळा पासवर्ड, आणि ते घरच्या नेटवर्कच्या बाहेर जाता कामा नये. त्यात युजरला त्याच्याच फोल्डरमध्ये कोंडून ठेवायला गेलात की ५०० ऊप्स असं म्हणून तो लॉगिन नाकारेल, घाबरू नका. ज्या फोल्डरमध्ये कोंडलंय त्याच फोल्डरला लिहायची परवानगी दिलेली त्याला चालत नाही. वरच्या फोल्डरची लिहायची परवानगी काढा, आत "अपलोड" नावाचं फोल्डर बनवा आणि परवानगी त्याला द्या.

प्रश्न: सर, मी मडगावला एका लहान ऑफिसात आहे. जुन्या पीसीवर विंडोज १० आणि फाईलझिला सर्व्हर टाकलाय. त्याच पीसीवरून बघितलं तर सगळं दिसतं पण दुसऱ्या कॉम्प्युटरवरून लॉगिन होतं आणि मग फाईलींची यादीच येत नाही, थोड्या वेळाने "फेल्ड टू रिट्रीव्ह डिरेक्टरी लिस्टिंग". पासवर्ड बरोबर आहे. क्रोममध्ये पत्ता टाकला तर तिथेही उघडत नाही.

उत्तर: ताई, पासवर्ड बरोबरच आहे, नाहीतर लॉगिनच झालं नसतं. एफटीपीच्या सगळ्यात जास्त छळणाऱ्या गोष्टीत तुम्ही अडकलाय. एफटीपी दोन कनेक्शन वापरतं, पोर्ट २१ वर नुसती बोलणी होतात आणि फाईली किंवा यादी जाते दुसऱ्याच पोर्टवरून. पॅसिव्ह मोडमध्ये तो दुसरा पोर्ट कुठला हे सर्व्हर सांगतो. क्लायंटच्या लॉगमध्ये बघा, २२७ ने सुरू होणारी एक ओळ दिसेल आणि कंसात सहा आकडे, समजा १९२,१६८,१,५०,१९५,८०. पहिले चार म्हणजे सर्व्हरचा आयपी. पाचव्याला २५६ ने गुणा आणि सहावा मिळवा, १९५ गुणिले २५६ म्हणजे ४९९२०, अधिक ८०, झाले ५००००. म्हणजे सर्व्हर म्हणतोय की यादी हवी तर ५०००० वर ये, आणि तुमचा विंडोज फायरवॉल तिथे कुणाला येऊ देत नाहीये. २१ उघडा आहे म्हणून लॉगिन होतं, पुढचं दार बंद.

फाईलझिला सर्व्हरच्या पॅसिव्ह मोड सेटिंगमध्ये पोर्टची ठरावीक रेंज द्या, ५०००० ते ५००५० पुरे, आणि विंडोज फायरवॉलमध्ये २१ सोबत तीच रेंज आत यायला मोकळी करा, फक्त प्रायव्हेट नेटवर्कसाठी. आणि टीएलएस, म्हणजे एफटीपीचं एन्क्रिप्शन, चालू ठेवा, बंद करू नका. काहीजण टीएलएस बंद केलं की चालतं असा सल्ला देतात, कधीकधी चालतंही, कारण मग मधला फायरवॉल ती २२७ ची ओळ वाचून स्वतःहून पोर्ट उघडतो, टीएलएसमध्ये त्याला ती वाचता येत नाही. पण तेवढ्यासाठी पासवर्ड उघडा टाकणं बरोबर नाही, रेंज देऊन काम होतंय ना.

क्रोममधून एफटीपी २०२१ मध्येच काढून टाकलंय, फायरफॉक्समधूनही, त्यामुळे ब्राऊझरवरून तपासू नका. विंडोजच्या काळ्या खिडकीतली एफटीपी कमांडही वापरू नका, तिला पॅसिव्ह मोड येत नाही, शिवाय ती सुरुवातीला अॅस्की, म्हणजे साध्या मजकुराच्या, मोडमध्ये असते, त्यात फोटो किंवा झिप पाठवलं की ओळींच्या शेवटचे बाईट बदलले जाऊन फाईल खराब होऊ शकते. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तेव्हा वर कराडच्या दादांना सांगितलं ते तुम्हीही मनावर घ्या.

प्रश्न: सर, नाशिकला घरी जुन्या पीसीवर एसएफटीपी सर्व्हर चालू केलाय, घरात मस्त चालतो. मुलगी पुण्याला शिकते, तिला तिथून वापरता यावा म्हणून राऊटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून येणारी जोडणी त्या पीसीकडे वळवायची सोय, केलं पण काही केल्या लागत नाही.

उत्तर: राऊटरच्या स्टेटस पानावर वॅनचा, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा, आयपी बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यामधला कुठला असेल तर तुमच्या इंटरनेट कंपनीने तुम्हाला स्वतंत्र पब्लिक आयपी दिलेलाच नाही, अनेक घरांना मिळून एक दिलाय. याला सीजीनॅट म्हणतात आणि त्यात तुमच्या राऊटरमध्ये कितीही फॉरवर्डिंग करा, बाहेरून येणारी हाक तुमच्यापर्यंत पोचतच नाही. पैसे भरून स्टॅटिक आयपी मागता येतो, पण मी तो रस्ता सुचवणार नाही. पोर्ट २२ जगाला उघडा केला की लगेच कुठूनकुठून पासवर्डचे अंदाज मारणं सुरू होतं, लॉग उघडून बघितला तर रूट, अॅडमिन, टेस्ट अशा नावांनी ओळीच्या ओळी असतात.

त्यापेक्षा सर्व्हरवर आणि मुलीच्या लॅपटॉपवर टेलस्केल नावाचं सॉफ्टवेअर टाका आणि दोन्हीकडे एकाच खात्याने लॉगिन करा. ते वायरगार्ड हे एन्क्रिप्टेड जोडणीचं तंत्र वापरून दोन्ही मशीन आपसात जोडतं, सीजीनॅट असला तरी चालतं आणि राऊटरमध्ये काही उघडावं लागत नाही. सर्व्हरला एक नवा आयपी मिळेल, तोही १०० नेच सुरू होतो, तो वॅनवाल्याशी गल्लत करू नका. मुलीने विनएससीपीत तोच टाकायचा. मात्र पुण्यात तिला मिळणारा स्पीड तुमच्या घरच्या अपलोडइतकाच असणार, तुमच्या प्लॅनमध्ये अपलोड किती आहे ते बघून घ्या.

प्रश्न: जुना पीसी २४ तास चालू ठेवला तर बिल किती येईल? आणि आमच्याकडे लाईट सारखी जाते.

उत्तर: मॉनिटर काढून ठेवलात तर असा डेस्कटॉप रिकामा बसलेला असताना साधारण ७० वॅट खातो असं धरा. २४ तासांचे १.६८ युनिट, महिन्याचे ५० च्या आसपास, त्याला तुमच्या स्लॅबच्या दराने गुणा. हे जड वाटत असेल तर जुना लॅपटॉप बघा, स्क्रीन बंद ठेवून तो बहुतेक १५-२० वॅटमध्ये भागवतो आणि बॅटरी धड असेल तर लाईट गेल्यावर लगेच बंदही पडत नाही. फक्त फुगलेली बॅटरी असेल तर ती आधी काढा. डेस्कटॉपच वापरणार असाल तर छोटा यूपीएस हवाच, कॉपी चालू असताना लाईट गेली तर ती फाईल अर्धवट राहते. बायोसमध्ये पॉवर मॅनेजमेंटखाली वीज परत आल्यावर काय करायचं असा पर्याय असतो तो ऑन करा, म्हणजे लाईट आली की मशीन आपलं आपण चालू होतं. आणि डेटाची दुसरी प्रत बाहेरच्या यूएसबी डिस्कवर घ्या, ती कॉपी झाली की काढून कपाटात ठेवा, सर्व्हरलाच लटकवून ठेवलीत तर वीज कडाडल्यावर दोन्ही एकदम जाऊ शकतात.