वाचकांचे प्रश्न : घोड्यांविना ‘पूना हॉर्स’

प्रश्न : ‘पूना हॉर्स’ या रेजिमेंटकडे आज रणगाडे असूनही नावात ‘हॉर्स’ का? – एक वाचक, म्हापसा, गोवा

उत्तर : वाहन बदलले तरी लष्करात रेजिमेंट तीच मानली जाते, म्हणून नाव टिकले. १८१७ च्या पुणे तहानुसार दुसऱ्या बाजीरावाच्या खर्चाने इंग्रजांनी हे घोडदळ उभारले (पेशव्यांच्याच पैशाने पेशव्यांना वेसण!). १९२१ मध्ये त्यात दुसरे घोडदळ विलीन झाले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घोडे गेले. तिची कीर्ती मात्र रणगाड्यांनी वाढवली : १९६५ मध्ये सियालकोट आघाडीवर लेफ्टनंट कर्नल आर्देशीर तारापोर आणि १९७१ मध्ये बसंतर नदीकाठच्या लढाईत एकवीस वर्षांचे अरुण खेत्रपाल सेंच्युरियन रणगाड्यांनिशी लढताना धारातीर्थी पडले, दोघांनाही मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले.