रिअ‍ॅक्ट नेटिव्हच्या (जावास्क्रिप्टमध्ये मोबाइल अ‍ॅप करायच्या साधनाच्या) अ‍ॅपमध्ये साधी अ‍ॅनिमेशन्स घालायला कुठली लायब्ररी घ्यावी?

तुमचं अ‍ॅप ऑर्डर घेण्याचं आहे आणि बटणं, याद्या जरा जिवंत दिसाव्यात, एवढंच हवं असेल तर नवी लायब्ररी घालायची घाई करू नका. रिअ‍ॅक्ट नेटिव्हसोबत येणारं ‘अ‍ॅनिमेटेड’ पुरून उरतं.

म्हापशातल्या एका मासळीवाल्यांसाठी मी असंच अ‍ॅप केलंय. गिऱ्हाइकाने बांगड्यांपुढचं ‘घाला’ दाबलं की वरच्या पिशवीवरचा आकडा १.२ पटीने फुगतो आणि स्प्रिंगने परत जागेवर बसतो. सुंगटां (कोळंबी) संपली की त्यांचं कार्ड हळूच ०.४ ओपॅसिटीवर उतरतं, म्हणजे फिकट होतं. ते यादीतून काढून टाकायचं नाही, हे मी मुद्दाम ठरवलं. नाहीतर खालची सुरमई वर सरकते आणि बोट भलत्याच मासळीवर पडतं. (सुरमईचा भाव बघता हे महागात जाणार!)

‘अ‍ॅनिमेटेड’मधल्या ‘टायमिंग’ला (ठरावीक वेळात हालचाल करणाऱ्या फंक्शनला) वेळ दिला नाही तर तो ५०० मिलिसेकंद धरला जातो. बटणासाठी हे फार झालं, १५० ते २५० ठेवा. ‘युजनेटिव्हड्रायव्हर’ हा पर्याय ट्रू करा, म्हणजे हालचाल जावास्क्रिप्टऐवजी फोनच्या नेटिव्ह बाजूने चालते. मग जावास्क्रिप्ट यादी लोड करण्यात गुंतलेली असली तरी हालचाल अडखळत नाही. मात्र हे ओपॅसिटी, ट्रान्सफॉर्म (सरकवणं, फिरवणं, स्केल म्हणजे लहानमोठं करणं) अशा मांडणी न बदलणाऱ्या गोष्टींसाठी आहे, हाइट किंवा विड्थसाठी त्यावर विसंबू नका. म्हणून बटण मोठं करायचं तर विड्थ नव्हे, स्केल बदला.

बोटाने ओढायचं कार्ड, खालून वर येणारा पडदा असलं काही करायचं असेल तर मात्र ‘रिअ‍ॅनिमेटेड’ ही वेगळी लायब्ररी घ्याच, तिथे ‘अ‍ॅनिमेटेड’शी झटापट करण्यात अर्थ नाही. ‘लॉटी’ एअरबीएनबीने २०१७ मध्ये आणलं. आफ्टर इफेक्ट्स या अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेलं हलतं चित्र त्यात जेसन फाइलमधून चालतं. ‘ऑर्डर पोचली’च्या स्क्रीनवर एकदा शोभतं, प्रत्येक बटणावर नको.

काहींना हलणाऱ्या स्क्रीनने गरगरतं आणि ते फोनच्या सेटिंगमध्येच अ‍ॅनिमेशन कमी करून ठेवतात. रिअ‍ॅक्ट नेटिव्हच्या ‘अ‍ॅक्सेसिबिलिटीइन्फो’मधून ते कळतं, तेव्हा अ‍ॅनिमेशनचा वेळ शून्य करून टाका.

आणि डेव्हलपमेंट बिल्डवर अ‍ॅनिमेशन अडखळलं म्हणून कोड उपसत बसू नका, तिथे सगळंच मंद चालतं. रिलीज बिल्ड (गिऱ्हाइकाला द्यायची आवृत्ती) काढून घरातल्या सगळ्यात स्वस्त अँड्रॉइडवर घाला आणि मग ठरवा.