बोट लागेल म्हणून सगळ्यांनी एकेक गोळी घ्यायची का?

प्रश्न : डॉक्टर मॅडम, नमस्कार. आम्ही परभणीचे. मुलगा पुण्याला आयटीत आहे, त्यानं मे महिन्याच्या सुट्टीत आम्हा सगळ्यांचं मुंबईहून गोवा आणि पुढं लक्षद्वीप असं क्रूझ बुक केलंय. मला तर साधी येष्टी लागती, मांजरसुंब्याचा घाट आला की माझी पिशवी हातात तयार, मग बोटीवर माझं काय होणार ह्या विचारानं आत्तापासूनच झोप लागंना. मेडिकलवाल्यानं अ‍ॅव्होमिनची पाकिटं दिली अन् म्हणला सगळ्यांनी एकेक घेऊन टाका. शेजारणीचा जावई अमेरिकेहून कानामागं चिकटवायच्या पट्ट्या घेऊन आलाय, एक लावली की तीन दिवस बघायचं काम नाही म्हणायलेत. पट्ट्या मोजक्याच आहेत म्हणून सूनबाई म्हणती नातवाला अर्धी कापून लावू, तो ६ वर्षांचा आहे. माझं वय ६२, शुगरच्या अन् बीपीच्या गोळ्या चालू. आमचे हे ६९ वर्षांचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले गुरुजी, त्यांना काचबिंदूचे थेंब चालू आहेत आणि रात्री प्रोस्टेटची गोळी असती. त्यांना आयुष्यात गाडी लागली नाही, पण म्हणतेत "आपण बी घेऊन टाकू, काय जातंय." मला मात्र भीती वाटायली. कुणी काय घ्यावं अन् काय घेऊ नये?
– एक वाचक, परभणी

उत्तर : काकू, तुमच्या भीतीचं मला काही वाटलं नाही, मला खटकलं ते गुरुजींचं "काय जातंय." बोट लागली तर माणूस ओकतो, हैराण होतो, एखादा दिवस कॅबिनमधी पडून काढतो, आणि दोन-तीन दिवसांत बहुतेकांच्या अंगाला त्या हेलकाव्याची सवय होऊन जाती. औषधाचं तसं नाही, ज्याला ते चालत नाही त्याला दिलं तर सगळी सुट्टी दवाखान्यात जाती, आणि इथं तर चहूबाजूंनी पाणी. म्हणून "सगळ्यांनी एकेक" हा हिशोबच आधी डोक्यातून काढा. तुम्ही तिघांबद्दल विचारलंय, तिघांचं उत्तर वेगवेगळं आहे.

आधी पट्टीचं सांगते कारण सगळ्यात जास्त धोका तिथंच आहे. त्या पट्टीत स्कोपोलामिन नावाचं औषध असतं, अमेरिकेत तिला १९७९ पासून मान्यता आहे, ७२ तासांत साधारण १ मिलिग्रॅम औषध कातडीतून हळूहळू अंगात उतरतं, आणि प्रवासाच्या किमान ४ तास आधी कानामागच्या बिनकेसाच्या जागेवर ती लावायची असती. काम करती का? करती, चांगली करती, बोट लागण्यावर ज्या औषधांचा पुरावा पक्का आहे त्यात तिचं नाव वर आहे. पण ती कानाकडून मेंदूला जाणारे संदेश दाबती तसंच तोंडाची लाळ, डोळ्याची बाहुली, लघवीची पिशवी आणि घाम ह्या सगळ्यांवरच तिचा हात पडतो, फक्त ओकारीवर पाडून बाकी सोड असं तिला सांगता येत नाही.

आता गुरुजींचं बघा. काचबिंदूच्या एका प्रकारात, ज्याला बंद कोनाचा म्हणतात, बाहुली मोठी झाली की डोळ्यातलं प्रेशर एकदम चढू शकतं, डोळा लाल, भयंकर दुखणं, दिव्याभोवती रंगीत कडी दिसणं, आणि तासाभरात डोळ्यांचा दवाखाना गाठायची वेळ. गुरुजींचा प्रकार कुठला ते त्यांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनाच माहीत, त्यांना विचारल्याशिवाय पट्टीला हात लावायचा नाही. दुसरं म्हणजे प्रोस्टेट. त्या वयात लघवीची धार आधीच बारीक असती, त्यात ह्या औषधानं पिशवी सुस्तावली की लघवी पार अडकू शकती, पोट फुगून माणूस तळमळतो आणि मग नळी घालावी लागती. तिसरं मला सगळ्यात जास्त काळजीचं वाटतं. वयस्कर माणसाला ह्या औषधानं भ्रम होऊ शकतो, आपण कुठं आहोत ते कळत नाही, नसलेल्या गोष्टी दिसतात, घरचे घाबरून जातात की ह्यांना लकवा मारला की काय. आणि कॅबिनमधली रात्र डोळ्यापुढं आणा, प्रोस्टेटमुळं गुरुजी रात्रीतून दोन-तीनदा उठणारच, अंधार, जहाज हलतंय, डोळ्यांना धुरकट दिसतंय, आणि जहाजातल्या बाथरूमला पाणी बाहेर येऊ नये म्हणून दारात चांगला उंच उंबरा असतो. तिथं ठेच लागून खुब्याचं हाड मोडलं तर? ज्या माणसाला गाडीच लागत नाही त्यानं हे सगळं कशासाठी ओढवून घ्यायचं. गुरुजींसाठी उत्तर सोपं आहे, काहीच घ्यायचं नाही, ना पट्टी ना गोळी. अगदीच मळमळलं तर जहाजावर डॉक्टर असतात, त्यांना काचबिंदू आणि प्रोस्टेट दोन्ही सांगून मगच काय ते घ्यावं.

सूनबाईंना माझा निरोप द्या की पट्टी कापायची नाही आणि नातवाला लावायची तर अजिबातच नाही. ती मोठ्यांसाठी बनवलेली आहे, लहान मुलांत सुरक्षित आहे असं सिद्ध झालेलं नाही, आणि कापली की औषध कसं सुटंल ह्याचा भरवसा राहत नाही. शिवाय पोरगं कानामागं खाजवणार, तोच हात डोळ्याला लावणार अन् बाहुली मोठी होऊन बसणार. अजून एक, जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, ह्याच पट्टीबद्दल नवा इशारा दिला, घाम कमी झाल्यानं अंग तापून माणसं गंभीर झाली, काही दगावली, आणि त्यात बरेचसे १७ वर्षांपर्यंतची मुलं नाहीतर साठीच्या पुढचे होते. तुम्ही जायलात मे महिन्यात, लक्षद्वीपला, उन्हात. तुमच्या घरात एक नातू आणि दोघं साठीपलीकडचे. शेजारणीला पट्ट्या परत करा, चहा पाजा, आभार माना, विषय संपला.

आता अ‍ॅव्होमिन. हे प्रोमेथाझिन, जुनं औषध आहे, आपल्याकडं येष्टीच्या प्रवासाला पिढ्यान्‌पिढ्या घेतायत आणि वाईट अजिबात नाही. लांबच्या प्रवासाला ती आदल्या रात्री झोपताना घ्यायची असती, छोट्या प्रवासाला एक-दोन तास आधी. आपल्याकडं लोक काय करतात, मळमळ सुरू झाली की पाकीट फोडतात, तोवर पोटाची हालचाल मंदावलेली असती, गोळी अंगी लागायच्या आत बाहेर. हिची अडचण म्हणजे झोप. काही जणांना दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गुंगी राहती आणि उठताना बीपी खाली येऊन चक्कर येती, तुम्ही बीपीची गोळी घेता म्हणून हे तुम्हाला जास्त लागू. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला तर प्रोमेथाझिन कधीच देऊ नये, श्वास मंदावतो.

तुमच्यासाठी मी तुमच्या शुगरच्या डॉक्टरांना सिनारिझिनबद्दल विचारायला सांगेन, प्रवासाच्या दोन तास आधी घ्यायची गोळी, झोप हिनंही येती पण बऱ्याच जणांना जरा कमी. कंपवात असणाऱ्यांनी ही टाळावी, आणि महिनोन्‌महिने खाल्ली तर वयस्करांना हात थरथरायचा त्रास होऊ शकतो, पण चार-पाच दिवसांची गोष्ट वेगळी. कुठलीही गोळी ठरली तरी पहिला डोस जहाजावर घ्यायचा नाही, आधी एखाद्या रविवारी घरीच घेऊन बघायची, कुठं जायचं नाही त्या दिवशी, गॅसपाशी सूनबाईंना उभं करायचं. किती झोप येती, तोंड किती सुकतं, उठताना गरगरतं का ते आपल्या ओट्यावर कळलेलं बरं.

आणि काकू, तुमचा खरा धोका शुगरचा आहे बरं का. शुगरची गोळी घेतली, वर नाष्टा केला आणि तो नाष्टा समुद्रात गेला, आता गोळी पोटात अन् अन्न बाहेर. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन असेल तर साखर धाडकन खाली येऊ शकती, घाम, थरथर, गोंधळल्यासारखं होणं, आणि गंमत अशी की हे सगळं बोट लागल्यासारखंच दिसतं म्हणून कुणी लक्ष देत नाही. साखर तपासायचं मशीन सोबत ठेवा, ग्लुकोज अन् ओआरएसच्या पुड्या पर्समध्ये, आणि उलट्या होत असतील त्या दिवशी शुगर-बीपीच्या गोळ्यांचं काय करायचं हे डॉक्टरांकडून निघायच्या आधीच कागदावर लिहून घ्या.

नातवाचं म्हणाल तर दोन ते बारा वर्षांच्या मुलांनाच गाडी सगळ्यात जास्त लागती, त्यामुळं त्याला गोळी लागूही शकते, पण ती बालरोगतज्ज्ञांनी वजन बघून ठरवायची, मोठ्यांची गोळी सुरीनं अर्धी करून नाही. काही मुलं ह्या गोळ्यांनी झोपायच्या ऐवजी उलट जास्तच उधळतात, डेकवर तसलं पोरगं सांभाळणं म्हणजे तुमच्या मुलाची परीक्षा.

मेडिकलात अजून काय काय हातात देतील ते सांगून ठेवते. "झोप न येणारी" म्हणून सेट्रिझिन घेतात, तिचा बोट लागण्यावर उपयोग होत नाही. ऑन्डान्सेट्रॉन उलटीवर चांगली आहे पण ती दुसऱ्या उलट्यांसाठी, बोट लागू नये म्हणून घेतली तर फारसं काही होत नाही. ब्युस्कोपान हे पट्टीतल्या औषधाचं भावंड वाटतं पण ते पोटातल्या कळांसाठी आहे, मेंदूपर्यंत पोचतच नाही. आणि दोन-तीन गोष्टी एकदम, म्हणजे पट्टी पण, गोळी पण, वरून खोकल्याचं गुंगीचं औषध पण, हे कुणीच करू नये.

आता बिनऔषधाचं, ह्यात मला जास्त रस आहे. तुमच्या मुलानं हौसेनं वरच्या मजल्याची बाल्कनीवाली कॅबिन घेतली असणार, जास्त पैसे देऊन. जहाज सगळ्यात जास्त हलतं ते वर आणि पुढच्या टोकाला, सगळ्यात कमी खाली आणि मधोमध, म्हणजे इथं स्वस्तातली खोलीच चांगली! खालच्या डेकवर, मधली, खिडकी असलेली मिळती का बघायला सांगा. बोट लागती कारण आतला कान सांगतो आपण हलायलोत आणि डोळ्यापुढची कॅबिनची भिंत सांगती काहीच हलत नाही, मेंदूला कुणाचं खरं मानावं कळत नाही. साधारण पाच सेकंदाला एक असा संथ हेलकावा सगळ्यात वाईट, आणि समुद्राच्या लाटा नेमक्या त्याच चालीच्या. म्हणून डेकवर यायचं, पाणी आणि आभाळ मिळतं त्या रेषेकडं बघत बसायचं, मोबाईल बंद, पेपर बंद. जास्तच झालं तर डोळे मिटून आडवं पडायचं, डोकं हलवायचं नाही. खाणं थोडं थोडं, तेलकट नको, पण उपाशीही नको.

आणि तारीख बदलता येत असेल तर बदला, गोळीपेक्षा ह्याचा उपयोग जास्त होईल. अरबी समुद्र मेच्या शेवटाकडं खवळायला लागतो, २०२१ च्या मे महिन्यातच तौक्ते वादळ किनाऱ्यालगत वर गेलं होतं. डिसेंबर ते मार्च पाणी बरंच शांत असतं. पोराला सुट्टीची अडचण असंल पण नातवाच्या शाळेला नाताळची सुट्टी असतीच की.

आल्याबद्दल सगळेच विचारतात. पुरावा उलटसुलट आहे, पण मळमळीला काहींना बरं वाटतं आणि थोड्या प्रमाणात अपाय नाही, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल त्यांनी तेवढं विचारून घ्यावं. तुम्ही मात्र आलेपाक नका नेऊ, त्यात आल्यापेक्षा साखर जास्त, सुंठ किंवा आल्याचा तुकडा न्या. मनगटावर दाब देणाऱ्या बिनऔषधाच्या पट्ट्यांचा फायदा तपासण्यांमध्ये नीट दिसलेला नाही, पण नुकसानही नाही, मनाला बरं वाटत असेल तर घाला. सीटवर पेपर अंथरून बसायचं मात्र सोडा.

उलट्यांसोबत जुलाब किंवा ताप आला तर ती बोट लागलेली नाही, जहाजावर पोटाची साथ पटकन पसरती, तेव्हा डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखलं, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं तर एक मिनिटही थांबू नका. आणि परत आल्यावर एखाद-दोन दिवस परभणीच्या घरातली फरशी हलायली असं वाटलं तर घाबरू नका, ते जातं.

प्रश्न : मॅडम, मी चार महिन्यांची गरोदर आहे, नवऱ्यासोबत मुंबई-गोवा क्रूझला जायचंय. माझ्या आईची गोळी घेतली तर चालंल का?
– लातूर

उत्तर : ताई, आईची नको. गरोदरपणातल्या मळमळीला डॉक्सिलामिन आणि बी-६ ची गोळी बऱ्याच काळापासून देतात, पण तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिली तरच. त्याआधी क्रूझ कंपनीचे नियम वाचा, ठराविक आठवड्यांनंतर गरोदर बाईला चढू देत नाहीत आणि काही ठिकाणी डॉक्टरांचं पत्र मागतात.

प्रश्न : मित्रांसोबत क्रूझला चाललोय. गोळी घेऊन दोन बिअर घेतल्या तर चालतंय ना?
– अंबाजोगाई

उत्तर : नाही चालत. गोळीची गुंगी आणि दारूची गुंगी एकमेकींना वाढवतात, आणि नुसत्या दारूनंसुद्धा बोट जास्त लागती कारण ती आतल्या कानाचंच काम बिघडवती. दोन्हीपैकी एक निवडा. आणि कठड्याला टेकून सेल्फी तर दोन्हीतलं काहीही घेतलेलं असताना काढू नका.