ऑस्ट्रेलियात तिथल्याच मूळच्या रानफळांचा आणि बियांचा छोटा व्यवसाय आहे, माणसं दोन-तीनच. मार्केटिंगची कामं कशी सांभाळावीत?

आधी हंगाम बघा, जाहिरात नंतर. काकाडू प्लम हे आंबट रानफळ उत्तरेकडच्या रानातून वेचून येतं, फिंगर लाइम हे बोटासारखं लांबट लिंबू मुख्यतः तिथल्या शरद ऋतूत, म्हणजे मार्च ते मे. गोठवलेला गर आणि पावडर किती शिल्लक आहे हे साठ्याच्या शीटवर दिसत नसेल, तर मोहीम जाहीरच करू नका.

एका वेळी एकच पदार्थ घ्या. समजा वॉटलसीड, म्हणजे तिथल्या बाभळीच्या जातीतल्या झाडांच्या बिया. भाजून दळलेल्या या बियांना कॉफी-चॉकलेटसारखा वास येतो, पण घरी नेऊन करायचं काय, हे बहुतेकांना माहीत नसतं. म्हणून पॅनकेकच्या पिठात चमचाभर घालायची एकच कृती ठरवा. तीच पाकिटामागे, तीच फोटोत, तीच बाजारातल्या चवीच्या स्टॉलवर. प्रत्येक कामापुढे एकाच माणसाचं नाव आणि तारीख लिहा.

सगळ्यात जास्त वेळ परवानगीसाठी राखून ठेवा, आणि हे मी अगदी कळकळीने सांगतोय. या पदार्थांचं ज्ञान तिथल्या आदिवासी समुदायांनी हजारो वर्षं जपलंय. त्यांची नावं, गोष्टी, चित्रं वापरायची असतील तर डिझायनरला काम देण्याआधी त्यांना विचारा, मोबदला ठरवा, अंतिम मजकूर दाखवा. त्यांच्याकडून उत्तर यायला वेळ लागला तर तुमची तारीख पुढे ढकला.

लेबलवर 'आजार बरा होतो' असं लिहायला तिथल्या अन्न नियमांत मनाईच आहे. 'क जीवनसत्त्वाने समृद्ध' लिहायचं असेल तर तुमच्या मालाचा प्रयोगशाळेचा अहवाल आधी हातात घ्या, छपाई नंतर.