करीकडून नेमकं काय उचलायचं

अमेरिकन बास्केटबॉलपटू स्टेफन करीचे लांबूनचे थ्री, म्हणजे तीन गुणांचे शॉट, बघून तूही तिथूनच मारायला लागलायस, म्हणून लिहितोय. आधी बास्केटच्या जवळ ये. शाळेत असताना करी चेंडू कमरेपासून वर फेकायचा. वडील डेल करी स्वतः एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग, खेळलेले; त्यांनी एका उन्हाळ्यात ती सवय मोडून चेंडू डोक्याच्या वरून सोडायला शिकवलं. तेव्हा कितीतरी दिवस त्याला बास्केटजवळूनच शॉट घ्यावे लागले. हाच भाग कुणाला करायचा नसतो!

मोठ्या कॉलेजांनी विचारलं नाही, तो डेव्हिडसनला गेला. 2009 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, सातवा निवडला गेला.

मग घोटा. 2011 आणि 2012, दोन्ही वर्षी शस्त्रक्रिया. 2011-12 च्या मोसमात फक्त 26 सामने. पुढे त्याने कंबर, नितंब, मांड्या यांच्या ताकदीवर मेहनत घेतली, म्हणजे दिशा बदलताना सगळा भार घोट्यावर येणार नाही. 2015 मध्ये एमव्हीपी, म्हणजे मोसमातला सर्वोत्तम खेळाडू, 2016 मध्ये पुन्हा, तेही एकमताने. तेव्हा पायांचा व्यायाम टाळू नकोस, ही माझी कळकळीची विनंती आहे.

सामना बघताना चेंडूवरची नजर काढ. करी पास देऊन थांबत नाही. स्क्रीनच्या, म्हणजे बचाव करणाऱ्याची वाट अडवून उभ्या राहिलेल्या सहकाऱ्याच्या, आडून धावतो, बचाव करणारा क्षणभर अडकला की मोकळा होतो. या आठवड्यात तेवढंच कर: पास दे आणि लगेच जागा सोड.