लॅब्राडोरला पवना-राजमाचीकडे न्यायचंय? गड सोडा, काठ धरा

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यात फ्लॅटमध्ये वाढलेली चौदा महिन्यांची लॅब्राडोर, वजन अठ्ठावीस किलो, पाणी दिसलं की उडी. दिवाळीनंतर तिला पवना धरणाच्या काठी आणि आसपासच्या जंगलवाटांवर न्यायचंय, जमलं तर तिकोना किंवा लोहगडही करायचाय. काळजी काय घ्यायची, कुठे जाऊ नये, आणि ऑनलाइन मिळतात ते बूट घ्यावेत का?

गडांचा विषय आधी संपवते. लोहगडावर शनिवार-रविवारी पायऱ्यांवरच माणसांची रांग असते आणि वर माकडं. पिशवीला सरावलेलं माकड आणि पट्ट्याला हिसके देणारी लॅब एका अरुंद दरवाजात समोरासमोर आली की काय होतं ते पाहायची हौस कोणालाच नसावी. तिकोन्याच्या शेवटच्या उंच पायऱ्यांवर माणसंही हात टेकतात. कुत्रा चढतो जोशात. उतरताना मात्र प्रत्येक पायरीला अंगाचा सगळा भार पुढच्या पायांवर येतो. लॅबसारख्या मोठ्या जातींची हाडं पक्की व्हायला वर्ष ते दीड वर्ष लागतं, आणि तुमची अजून त्याच टप्प्यात आहे. शिवाय माथ्यावरून पवनेचं पाणी कसं चकाकतं याच्याशी तिला काही देणंघेणं नाही. तिला हवेत वास, ओलावा, सावली आणि तुम्ही. हे सगळं सपाट वाटेवर जास्त मिळतं. गड तुम्ही मित्रांबरोबर करा.

दुसरी गोष्ट, अभयारण्यं आणि राष्ट्रीय उद्यानं. भीमाशंकर, ताम्हिणी, कर्नाळा, कोयना, चांदोली यांची नावं ऐकली की लोकांच्या लक्षात येतं. पण कळसूबाई, रतनगड आणि हरिश्चंद्रगड हे तिन्ही एकाच अभयारण्यात आहेत हे भंडारदऱ्याची सहल आखताना सहसा कोणी बघत नाही. वासोट्याचंही तेच. बामणोलीहून बोटीने शिवसागर ओलांडला की कोयना अभयारण्य सुरू. अशा ठिकाणी पाळीव कुत्रा नेऊ देत नाहीत, आणि ‘आमची कोणाला काही करत नाही’ हे तिथल्या वनरक्षकाला ऐकवू नका. ती चावेल ही भीती नसतेच मुळी. कुत्र्याचे रोग रानात जातात. २०१८ साली गीरमध्ये वीसहून जास्त सिंह दगावले, तेव्हा मेलेल्या सिंहांमध्ये कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता. हा आजार तुमच्या-माझ्या कुत्र्यांना होतो तोच. आपल्याकडे बिबटे, कोल्हे, तरस सगळे त्याच्या टप्प्यात येतात. तेव्हा लसींचं कार्ड पूर्ण असणं हे रानासाठीही आहे. डिस्टेंपर, पार्व्हो, रेबीज झालेच असतील. लेप्टोस्पायरोसिसची लस वर्षाच्या आत झाली आहे ना, ते मुद्दाम विचारा. उंदीर-घुशींच्या मुताने दूषित झालेल्या साचलेल्या पाण्यातून तो येतो, माणसालाही होतो, आणि तळ्याकाठी फिरणाऱ्या कुत्र्याला त्याचा धोका घरात बसणाऱ्यापेक्षा जास्त.

मग जायचं कुठे? पवनेच्या फुगवट्याच्या काठाने गुरांच्या वाटा आहेत. कॅम्पवाल्यांच्या खाजगी जागा टाळून, गावात विचारून त्या धरा. दुसरी माझ्या आवडीची, लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे राजमाचीकडे जाणारी वाट. पूर्ण केली तर एका बाजूने साधारण पंधरा किलोमीटर होते. पहिल्या खेपेला ती पुरी करायचा विचारही करू नका. पण चढ-उतार मोठे नाहीत आणि बराचसा रस्ता झाडीतून जातो. सकाळी दीड तास आत जायचं, सावलीत खाणं-पाणी करायचं, परत फिरायचं. कोरड्या दिवसांत गाडी राजमाचीच्या पायथ्याच्या उधेवाडीपर्यंत जाते, पण रस्ता गाडीचा जीव काढतो. तिथवर गेलात तर उदयसागर तलाव आणि जवळचं जुनं शिवमंदिर हा छोटा फेरफटका कुत्र्याला अगदी पुरेसा आहे.

दिवाळीनंतरचा काळ तुम्ही बरोबर निवडलात. पावसाळ्यात निसरडं आणि जळवा, शिवाय धबधब्यांच्या जागी अलीकडे प्रशासनाचे मनाई आदेश असतात. मार्चनंतर ऊन. पण दिवाळीनंतरच्या दिवसांचा एक स्वतंत्र त्रास आहे आणि तो नवख्यांना कोणी सांगत नाही: कुसळं. पावसाळ्यात वाढलेलं गवत वाळलं की त्याची कुसळं आपल्या पायमोज्यांत घुसतात, तशी कुत्र्याच्या बोटांमध्ये, कानात, काखेत, कधी डोळ्याच्या पापणीखाली. कुसळाची रचनाच अशी की ते पुढे सरकतं, मागे येत नाही. कातडीत शिरलं की आत प्रवास करतं, आणि आठवड्याभराने पायाच्या बोटांमध्ये पू झालेली गाठ दिसते. त्यामुळे गाडीत बसवण्याआधी पाच मिनिटं तिथेच द्या. चारही पंजे, बोटांच्या फटी, कानाची पाळी उलटून आत, जांघा. हात फिरवत जा, डोळ्यांवर विसंबू नका. घरी आल्यावर ती एकाच बाजूला डोकं झटकत राहिली, तर कानात तेल घालत बसू नका. आत कुसळ असेल तर ते डॉक्टरांनीच नीट बघून काढावं लागतं. लॅबचे केस आखूड, म्हणून तुमचं निम्मं काम वाचतं. गोल्डन रिट्रीव्हरवाल्यांची मला दया येते.

याच दिवसांत खाजकुयलीच्या शेंगा तयार होतात. झुडपांवर चढलेल्या वेलीला तपकिरी मखमली शेंगा लटकताना दिसल्या की तिला त्या बाजूला जाऊ देऊ नका. लव लागलीच तर चोळू नका, पाणीही लगेच ओतू नका. हातमोजे घालून चिकटपट्टीने लव उचलायची, मग धुवायचं. रोलवाली जाड चिकटपट्टी म्हणूनच माझ्या सॅकमध्ये कायम असते.

गोचीड हा बारमाही विषय. जंगलवाटेवर गुरं जातात तिथे गोचीड असणारच. महिनाभर चालणारी किंवा तीन महिने चालणारी गोळी मिळते, डॉक्टरांना विचारून निघण्याच्या काही दिवस आधी द्या. घरात मांजर असेल तर एक सांभाळा: कुत्र्याच्या मानेवर लावायच्या काही औषधांत पर्मेथ्रिन असतं, ते मांजराला विषारी आहे. गोळी देऊनही अंग तपासायचंच, कारण गोचीड चावल्यावरच औषध काम करतं. सापडलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. रॉकेल, काडी पेटवणं, हे आजोबांच्या काळातले उपाय नकोत. गोचीडतापाची लक्षणं लगेच दिसत नाहीत, एक ते तीन आठवड्यांनी दिसतात. तोवर सहल विसरलेली असते आणि ‘कालपासून जेवत नाही’ एवढंच आपण डॉक्टरांना सांगतो. सुस्ती, ताप, फिक्या हिरड्या, नाकातून रक्त, यातलं काही दिसलं तर रक्ततपासणी करून घ्या, आणि अमुक तारखेला जंगलात गेलो होतो हे आवर्जून सांगा. त्या एका वाक्याने निदान लवकर होतं.

आता पाणी. पोहायची हौस आहे म्हणून काळजी नाही असं समजू नका. डिसेंबरपासून धरणाचं पाणी उतरत जातं आणि काठाला गाळाचा पट्टा उघडा पडतो. वरून कोरडा दिसतो, भेगाही पडलेल्या असतात, पण आत माणूस गुडघ्यापर्यंत रुततो. कुत्रा धडपडून आणखी रुततो. म्हणून उतरण्याची जागा तुम्ही निवडायची: खडकाळ किंवा मुरमाचा काठ, जिथे गावातली गुरं पाण्यावर येतात. मासेमारीची जाळी पाण्याखाली दिसत नाहीत, पण काठावर तरंगते डबे किंवा थर्माकोलचे तुकडे दिसले की समजायचं. गळ फेकणाऱ्यांच्या आसपासही नको. उन्हाळ्यात कडेला हिरवा रंग सांडल्यासारखा तवंग दिसला, तर त्या पाण्याला तोंडसुद्धा लावू देऊ नका. त्यातलं नीलहरित शेवाळ काही वेळा यकृताला घातक असतं. पोहताना पाठीला मूठ असलेला हार्नेस आणि लांब दोरी. पट्टा नुसता गळ्यात असेल तर ओढून काढताना गळा आवळतो.

आणि हे पाणी पिंपरी-चिंचवडकरांच्या नळाला जातं. शी पिशवीत उचलून परत आणायची. काठावर वाळूत पुरली म्हणजे झालं, असं नाही.

पवनेला आणखी एक खास गोष्ट आहे. कॅम्पिंगच्या मोसमात सोमवारी सकाळी काठावर काय नसतं! कोंबडीची भाजलेली हाडं, लाकडी सळया, फुटलेल्या बाटल्या. लॅब म्हणजे चालता-फिरता कचऱ्याचा डबा. भाजलेलं हाड फुटून टोकदार होतं आणि मसाला चिकटलेली सळई ती तशीच गिळते. ‘सोड’ ही आज्ञा घरी पक्की झाल्याशिवाय तिथे पट्टा सोडू नका. खरं तर कुठेच सोडू नका. दोन मीटरचा साधा पट्टा हवा, ओढला की लांबत जाणारा नको. तो झुडपात अडकतो आणि हिसका बसला की तुटतो.

पट्ट्याबद्दल मी एवढी अडून बसते याची कारणं तीन. एक बिबट्या. अकोले तालुक्यात झालेल्या एका अभ्यासात बिबट्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने सर्वांत मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला. मावळातल्या गावांत विचारा, तेच सांगतील. उजाडल्यावर निघा, दिवस मावळायच्या आत गाडीशी या, आणि तंबूत राहणार असाल तर कुत्रं तंबूच्या आत. रात्री बाहेर खुंटीला बांधलेलं कुत्रं म्हणजे आमंत्रणच. दुसरं, डुकरांसाठी लावलेले तारेचे फास आणि गावठी बॉम्ब. पिठाच्या किंवा मांसाच्या गोळ्यात दारू भरून शेताच्या कडेला ठेवतात. डुकराऐवजी कुत्र्याने तो चावला तर जबडा उरत नाही. बेकायदा आहे, तरी होतं. तिसरं कारण साप. फुरसं, घोणस, नाग, मण्यार या चौघांवर चालणारं प्रतिविष कुत्र्यालाही देतात, पण ते प्रत्येक प्राणिदवाखान्यात नसतं. निघण्याआधी तळेगाव-लोणावळा-पिंपरी पट्ट्यात कोणाकडे आहे ते फोन करून विचारून ठेवा. कुत्र्याला दंश बहुतेक तोंडावर किंवा पुढच्या पायावर होतो, कारण नाक घालण्याची सवय. झालाच तर चिरा देणं, आवळून बांधणं काही नको. चालवू नका, उचलून गाडीत घाला. अठ्ठावीस किलो एकट्याला झेपत नाही, म्हणून बरोबर दुसरं धडधाकट माणूस हवंच, आणि एक जुनी चादर, झोळी करायला.

दिवाळीनंतरही दुपारी बारा ते तीन कातळावर तापतं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान आपल्यापेक्षा जास्त, साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. घाम जवळजवळ नाही, धापेवरच भागवायचं. तळहाताच्या मागच्या बाजूने खडकाला सात सेकंद टेकून बघा. तुम्हाला सोसत नसेल तर तिच्या पंजांनाही सोसणार नाही. घरी पडून असतानाही तिला किलोमागे ५० ते ६० मिली पाणी रोज लागतं, म्हणजे दीड लिटरच्या आसपास. चालताना त्याहून बरंच जास्त धरा आणि दर वीस मिनिटांनी थोडं-थोडं पाजा. धाप थांबत नाही, जीभ गडद लाल झाली, लाळ घट्ट झाली, चाल डळमळली, की ट्रेक तिथेच संपला. सावलीत आणून मिळेल त्या गार पाण्याने पोट-जांघा भिजवत राहा, टोपीने वारा घाला, आधी थंड करा आणि मग डॉक्टरकडे पळा. तोंड बांधायचं नाही, धाप लागू द्यायची.

वाड्यांतून जाताना गावची कुत्री अंगावर येणार, ते त्यांचं काम आहे. घाबरून आपलीला कडेवर घेऊ नका. पट्टा आखडता धरून तिरकं, थांबल्याशिवाय पुढे जा. खाली वाकून दगड उचलल्याचा नुसता आविर्भाव केला तरी महाराष्ट्रातलं कोणतंही कुत्रं चार पावलं मागे सरतं. त्यांना बिस्किटं टाकू नका. ती मग तुमच्यामागे पुढच्या गावापर्यंत येतात आणि तिथली कुत्री त्यांना फाडतात. धनगरांची शेळ्या-मेंढरं समोरून आली तर वाटेच्या खालच्या अंगाला उतरून, तिला बसवून, कळप जाऊ द्यायचा. एक मेंढी उधळली तरी त्यांचं नुकसान असतं. देवराईत आणि देवळाच्या आवारात बाहेरच थांबायचं. जेवायला एखाद्या घरी सांगितलं असेल तर आधी कुत्रं आहे हे सांगा. पडवीच्या खांबाला बांधू देतील, तुळशीजवळ मात्र नाही.

राहिले बूट. घेऊ नका. मापाला बसत नाहीत, आत खडे जातात, नखांची पकड जाते, आणि कुत्री पहिल्या अर्ध्या तासात एक तरी बूट रानात टाकून येते. पंजा आपोआप कणखर होतो. त्यासाठी निघण्याआधी महिनाभर तिला रोज थोडं मातीवर आणि खडीवर चालवा, तळजाई किंवा वेताळ टेकडीच्या वाटा आहेतच. कापलाच पंजा तर गॉझ, चिकटपट्टी आणि वरून एक जुना पायमोजा, एवढ्यावर गाडीपर्यंत येता येतं.